छपराचे पैसे, पप्पांची वही

पत्र थोडक्यात : लिहिणाऱ्या ताई 38 वर्षांच्या आहेत, नगर जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षिका. सासर-माहेर एकाच मंडळीतलं, म्हणजे एकाच चर्चच्या समुदायातलं. वडील 71 वर्षांचे आणि गेली 19 वर्षं मंडळीचे खजिनदार. गेल्या वर्षी आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, आठ महिने डायलिसिस चाललं, ऑक्टोबरमध्ये आई गेली. आता ऑडिट तोंडावर आलं आहे. मोतीबिंदूमुळे वडिलांना नीट दिसत नाही, म्हणून त्यांनी हिशोबाची वही ताईंच्या पुढे ठेवली. वही जुळवताना लक्षात आलं, की चर्चचे गळके पत्रे बदलण्यासाठी जमवलेल्या फंडातले 1 लाख 40 हजार रुपये खर्चीही पडलेले नाहीत आणि बँकेतही नाहीत. विचारल्यावर वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुझ्या आईला लागले. भरणारच होतो." आणि व्हाउचरचं कोरं बुक पुढे सरकवून म्हणाले, "पत्रे, सिमेंट, मजुरी अशी मागच्या तारखांची पाच-सहा लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

ताई पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे गेल्या. ते म्हणाले, "आईबापांच्या आज्ञेत राहा. प्रीती पापांची रास झाकून टाकते. गप्प राहा, प्रभू बघून घेईल." पुण्याचा भाऊ म्हणतो, "कमिटीच्या ग्रुपवर टाकून मोकळी हो, नाहीतर तूही अडकशील." ताई संडे स्कूल घेतात. गेल्या रविवारी मुलांना दहा आज्ञा शिकवताना खोट्या साक्षीची आज्ञा आली आणि त्यांनी पान उलटलं. पत्राच्या शेवटी त्या विचारतात : "सत्य बोलले तर प्रेम तुटतं. प्रेम राखलं तर सत्य जातं. आज्ञा पाळावी तर कुणाची? यातलं मी कोणतं सोडू?"

ताई, सलाम.

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात आईवर दीड ओळ आहे, बाकी सगळा हिशोब. आठवड्याला दोन-तीन वेळा चार-चार तास मशीनला लावलेलं माणूस, मोजून दिलेलं पाणी, परतीच्या एसटीत तुमच्या खांद्यावर टेकलेलं तिचं डोकं... हे तुम्ही आठ महिने काढलं असणार. मग ही वही समोर आली आणि रडायचं राहूनच गेलं. आधी हे बोलते, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते दमलेल्या माणसाच्यानं होणार नाही. दोन-चार दिवस वहीला हात लावू नका. आईच्या कबरेवर जाऊन या. एकट्याच जा.

आता तुमचा प्रश्न. "कोणतं सोडू" असं विचारता, म्हणजे सत्य, प्रीती आणि आज्ञापालन ही तिघं एका बाकावर मावणार नाहीत, एकाला उठवावंच लागणार, हे तुम्ही धरूनच चालला आहात. हे कुठून आलं? शास्त्रातून तर नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, जरा अलीकडे योहानाचं दुसरं पत्र आहे, अवघ्या 13 वचनांचं. पान उलटताना बोटाखालून निसटून जाईल इतकं लहान. एका बाईला आणि तिच्या मुलांना लिहिलेलं आहे (काही जण म्हणतात बाई म्हणजे मंडळीच, मला दोन्ही चालतं). लिहिणारा म्हातारा आधी म्हणतो, तुझी काही मुलं सत्यात चालताना दिसली म्हणून मला फार आनंद झाला. मग म्हणतो, आपण एकमेकांवर प्रीती करावी. आणि लगेच प्रीती म्हणजे काय तेही सांगून टाकतो : त्याच्या आज्ञांप्रमाणे चालणं. क्रियापद तेवढं बघा, चालणं. चालणाऱ्याला डावा पाय सोडू की उजवा, असा प्रश्न पडत नाही.

मग तुमच्या घरात ओढाताण कसली चालली आहे? मला वाटतं ती सत्याची आणि लाजेची आहे. पप्पांची लाज, तुमची लाज, "खजिनदाराची पोरगी" म्हणून गावात फिरताना वाटेल ती लाज. लाजेनं प्रीतीचं नाव घेतलं आहे, एवढंच. मी लाजेला हलकं लेखत नाही. आपल्याकडच्या लहान मंडळ्यांमध्ये चाळीस-पन्नास घरं असतात, सगळी एकमेकांची सोयरी. एका घराची अब्रू गेली तर ती चार पिढ्यांच्या बोलण्यात राहते. पण जिला तुम्ही प्रेम म्हणताय तिचं खरं नाव कळलं, तर तिच्याशी कसं वागायचं हेही कळेल.

पाळकसाहेबांनी सांगितलेली आज्ञा जरा सावकाश वाचू. निर्गमच्या 20 व्या अध्यायात शब्द आहे 'मान राख'. इफिसकरांच्या पत्रात 'आज्ञेत राहा' आहे, पण ते मुलांना सांगितलंय आणि तिथेही 'प्रभूमध्ये' हा शब्द मध्ये बसलाय. (आम्हा प्रोटेस्टंटांच्या मोजणीत आईबापांची आज्ञा पाचवी, वसईच्या कॅथलिक वाचकांकडे चौथी. खोटी साक्ष आमच्याकडे नववी, त्यांच्याकडे आठवी. त्यावरून माझ्या एका मैत्रिणीचं आणि माझं कॉलेजात कडाक्याचं भांडण झालं होतं, मग दोघींनी आपापली पुस्तकं आणली.) पाचवीला मान द्यायला नववी मोडायची, असा व्यवहार देवानं कुठे मांडलेला नाही. दोन्ही त्याच्याच बोटानं लिहिलेल्या.

आणि 71 वर्षांच्या बापाचा मान कशात आहे? आजच्या घडीला पप्पांनी न विचारता पैसे घेतले, बायकोसाठी घेतले, आणि भरण्याची इच्छा आहे असं ते म्हणतात. कायदा याला अपहारच म्हणेल, मी गोड करून सांगत नाही. पण माणूस म्हणून त्यांना अजून मागे फिरायला वाट आहे. "भरणारच होतो" हे वाक्य अजून खरं होऊ शकतं. ज्या दिवशी तुमच्या चांगल्या अक्षरात "पत्रे 42 नग" असं लिहिलं जाईल त्या दिवशी ती वाट बंद, कारण खर्च झालेले पैसे कुणी भरत नसतं. उसने घेतले म्हणणाऱ्या बापाला तुमचं व्हाउचर कायमचा चोर करून ठेवील, आणि तुम्हाला त्याचा जोडीदार. म्हणून व्हाउचर लिहू नका. बाकी सगळ्यावर मी तुमच्याशी चर्चा करायला तयार आहे, यावर नाही.

आता ते दुसरं वचन, प्रीती पापांची रास झाकते. पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे, मूळ नीतिसूत्रांतलं. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, झाकणं आणि लपवणं. दुधावर आपण झाकण ठेवतो, दूध लपवत नाही. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं दूध कुठे आहे. झाकण असतं ते माशा बसू नयेत म्हणून. उत्पत्तीत नोहाची एक विचित्र गोष्ट आहे, संडे स्कूलमध्ये सहसा सांगत नाहीत. म्हातारा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला. एका मुलानं बघितलं आणि बाहेर जाऊन भावांना सांगितलं. दुसऱ्या दोघांनी खांद्यावर वस्त्र घेतलं, पाठमोरे चालत आत गेले, तोंड फिरवून बापावर पांघरूण घातलं. ही झाकणारी प्रीती. बाप प्यायलाच नव्हता, असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शुद्धीवर आल्यावर नोहाला सगळं कळलंच. तुमच्या भावाला पहिल्या मुलासारखं वागायचंय, बाहेर जाऊन सांगायचं. पाळकसाहेब म्हणतायत, तंबूच बांधून टाका. पांघरूण घालणाऱ्या दोघांचं काम तुमच्या वाट्याला आलंय आणि ते अवघड आहे, कारण उलटं चालत जावं लागतं आणि पाय कुठे पडतो ते दिसत नाही.

पाळकांबद्दल एक शंका मनात आली ती लिहूनच टाकते, रागावू नका. मंडळीच्या खात्यावर साधारण दोघांच्या सह्या लागतात. पप्पांनी एवढी रक्कम काढली तेव्हा चेकवर दुसरी सही कुणाची होती? माझा अनुभव असा, की अशा जागी खजिनदाराच्या कपाटात कोऱ्या चेकबुकावर दुसऱ्याची सही आधीच मारून ठेवलेली असते. "तुमच्यावर विश्वास आहे हो" म्हणत. ती सही पाळकांची आहे का सेक्रेटरीची, मला ठाऊक नाही. पण "गप्प राहा" हा सल्ला देणाऱ्याचंही त्यात काही अडकलेलं असू शकतं, आणि त्यांना स्वतःलाही ते नीट उमगलेलं नसेल. पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा असं इब्री लोकांच्या पत्रात आहे, खरं आहे. पण माणसांपेक्षा देवाची आज्ञा पाळली पाहिजे, हे धर्मसभेपुढे उभं राहून म्हणणारा पेत्रच होता. झाकणाऱ्या प्रीतीचं वचनही त्याच्याच पत्रातलं.

पाळकाचा शब्द मोडला म्हणजे विश्वास मोडला, असं आपल्या बायकांच्या मनात लहानपणापासून बसलेलं असतं. म्हणून पंडिता रमाबाईंची आठवण काढते. 1883 मध्ये इंग्लंडात, वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक गुरूच. पुढे मतभेद झाले. चर्च सांगतं ते निमूट मान, असा सूर लागला. 1885 च्या एका पत्रात रमाबाईंनी कळवलं, की एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मी नुकती मान सोडवली आहे, दुसरं तसलंच जोखड पुन्हा घेणार नाही. देवाच्या आज्ञेखाली राहीन, असं त्या म्हणत होत्या. कुणी पुढे करील ती प्रत्येक गोष्ट देवाची आज्ञा म्हणून घेणार नाही. मला यातलं खरं आवडतं ते वेगळंच. ज्या सिस्टरना त्या असं सडेतोड लिहीत, त्यांनाच त्या 'आजीबाई' म्हणत. वाद झाला, नातं तुटलं नाही, पत्रं पुढेही वर्षानुवर्षं चालली. "सत्य बोलले तर प्रेम तुटतं" हे तुमचं वाक्य वाचलं तेव्हा मला ती आजीबाई आठवली.

अर्थात कधीकधी तुटतंही. आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत तीसेक वर्षांपूर्वी मी उभी राहून महिला मंडळाच्या लोणचं-पापडाच्या विक्रीतले 2,300 रुपये कुणी ठेवून घेतले ते नाव घेऊन सांगितलं होतं. आकडा बरोबर होता, नाव बरोबर होतं. आधी त्या बाईंना एकदा तरी विचारावं, हे मला सुचलं नव्हतं, किंवा सुचलं असूनही भरल्या सभेत बोलण्याची ऐट जास्त होती. त्या बाई परत कधी आमच्या उपासनेला आल्या नाहीत. त्यांच्या मुलीचं लग्न त्यांनी दुसऱ्या मंडळीत लावलं. पुढे कळलं, त्या महिन्यात नवऱ्याचा पगार झाला नव्हता. उजवीकडून चौथा बाक. मी अजून तिथे बसत नाही.

म्हणून तुमच्या भावाला सांगा, ग्रुपवर काहीही टाकायचं नाही. योहान त्याच छोट्या पत्राच्या शेवटी म्हणतो, मला पुष्कळ लिहायचं आहे पण कागद आणि शाईनं लिहावंसं वाटत नाही, येईन आणि समोरासमोर बोलेन. कागद-शाईच्या जागी व्हॉट्सॲप घाला.

पप्पांशी बोलण्याआधी एका गोष्टीवर विचार करून जा : त्यांनी मागितले का नाहीत? तुमच्या मंडळीने खजिनदाराच्या बायकोच्या डायलिसिससाठी नाही म्हटलं असतं का? मला नाही वाटत. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतलं भांडण कशावरून लागलं? विधवांना रोजचं अन्न नीट मिळत नाही यावरून. गरजू माणसाला देणं हे छपराच्याही आधीचं काम आहे. पण बघा, हंगामाच्या उपकारस्तुतीला, पीक आल्यावर देवाचे आभार मानतो त्या दिवशी, लिलाव कोण पुकारत असेल? तुमचे पप्पाच ना? चाळीस रुपयांचा भोपळा पाचशेला, गावरान कोंबडा दोन हजाराला, "अजून कुणी? प्रभूसाठी आहे!" एकोणीस वर्षं जो माणूस दुसऱ्याच्या खिशातून देवासाठी पैसे काढत आला, त्याच्यानं स्वतःसाठी हात पसरवत नाही. त्यांचा खरा घोटाळा मला इथे दिसतो, आणि मला त्यांचा राग कमी, वाईट जास्त वाटतं. हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोनं जमीन विकून थोडे पैसे मागे ठेवले, सगळे दिले असं खोटं सांगितलं आणि जागीच मेले, त्या गोष्टीतही पेत्र पैशावर बोट ठेवत नाही. जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्या हातात होते, मग खोटं का बोललास, असं विचारतो. (लहानपणी ही गोष्ट ऐकल्यावर मी आठवडाभर अर्पणाच्या पिशवीला हात लावला नव्हता.)

बोलायचं ते संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, मुलं झोपल्यावर. नवऱ्याला ठाऊक असू द्या, पण पहिल्या वेळी तो तिथे नको. पप्पांसमोर वही ठेवू नका. वही बघितली की ते खजिनदार होतील आणि तुम्हाला बाप हवा आहे. सुरुवात आईपासून करा. मग साधं सांगा : "पप्पा, व्हाउचर मी लिहिणार नाही. पण तुम्ही कमिटीला सांगायला जाल तेव्हा तुमच्या शेजारी बसेन. पैसे भरायला मी आणि दादा आहोत." या वाक्यांचा क्रम बदलू नका, आणि दुसरं वाक्य बोलायची तयारी नसेल तर पहिलंही आज बोलू नका. ते चिडतील. "एवढं शिकवलं ते याच्यासाठी?" म्हणतील. म्हणू द्या. लगेच उत्तर नको. दावीद राजाच्या हातून पाप झालं तेव्हा नाथान संदेष्ट्यानं त्याला एक गोष्ट सांगितली आणि निकाल दाविदाच्याच तोंडून येऊ दिला. पप्पांनाही दोन रात्री लागतील.

भरण्याचं गणित मी करून बघितलं, शिक्षिका होते म्हणून खोड. गणनाच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय, की ज्यानं कुणाचं घेतलं त्यानं पाप कबूल करावं, घेतलेलं पूर्ण भरावं आणि वर पाचवा हिस्सा द्यावा. 1 लाख 40 हजारांचा पाचवा हिस्सा 28 हजार, एकूण 1 लाख 68 हजार. महिना 7 हजार भरले तर बरोबर दोन वर्षं. पप्पा, तुम्ही, भाऊ मिळून हे अशक्य वाटत नाही. ग्रुपवर टाकून मोकळं होण्यापेक्षा भावाला दरमहा तीन हजार पाठवायला लावा, मोकळं वाटेल की नाही ते तोच सांगेल. वरचा पाचवा हिस्सा द्यायचा की नाही हे पप्पांवर सोडा. जक्कय या जकातदारानं लुबाडलेलं चौपट देतो म्हटलं ते कुणी मागितलं म्हणून नव्हे.

आता रुक्ष भाग, पण तो वाचाच. आपल्याकडच्या बहुतेक चर्च-संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्यांचे हिशोब दरवर्षी तपासले जातात आणि तपासनिसाला गैरव्यवहार दिसला तर तो अहवालात लिहावा लागतो. अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो. म्हणजे हे ऑडिटच्या आधी कमिटीपुढे आलं तर मंडळी ते हाताळू शकते, रक्कम वहीत पप्पांच्या नावे येणे म्हणून दाखवता येते का ते सीएला विचारता येतं. ऑडिटमध्ये सापडलं तर ते मंडळीच्या हातात राहत नाही. पैसे भरले म्हणजे गुन्हा आपोआप पुसला जातो असं मात्र नाही, म्हणून कमिटीपुढे जाण्याआधी एका वकिलाशी बोला. मंडळीतला नको, नातेवाईक तर नकोच. आणि तोवर वहीत तुमच्या हातानं एक आकडाही लिहू नका, बरोबर असला तरी.

पप्पा तयार झाले तर कमिटीतल्या सगळ्यात शांत माणसाकडे आधी दोघं जा. सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस नको. लेखी निवेदन एका पानाचं, त्यात रक्कम, तारखा, कारण आणि भरण्याची मुदत. कारणाची ओळ एकच असू द्या. आईचं आजारपण सविस्तर लिहिलं की ते रडगाणं होतं. खजिनदारपद त्याच दिवशी सोडायचं. हे पप्पांना पैशापेक्षा जड जाईल. रविवारी प्रार्थनेआधी अर्पणाच्या पिशव्या मोजण्याचा त्यांचा हक्क जाईल, त्या दिवशी ते कुठे बसतील याचा तुम्ही आधी विचार करून ठेवा. तुमच्याजवळ बसवा.

नाही तयार झाले तर? मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली पायरी सगळ्यांना पाठ आहे : आधी एकट्यानं, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीला. लोक पहिली पायरी गाळतात किंवा तिसरी. तुमच्या बाबतीत दुसऱ्या पायरीला भाऊ आणि पप्पांचा एखादा जुना मित्र, ज्याच्यासमोर ते लुंगीवर बसतात असा. एक तारीख सांगा, ऑडिटच्या किमान दहा दिवस आधीची. तोवर सांगितलं नाही तर वही कमिटीला परत करीन आणि का करते ते खरं सांगीन, एवढं बोला आणि त्याप्रमाणे करा. तोपर्यंत पैशाचा संशय कुणा तिसऱ्यावर, चर्चच्या शिपायावर किंवा आधीच्या सेक्रेटरीवर, येऊ लागला, तर तारखेची वाट बघू नका. तेव्हा गप्प बसणं हीच खोटी साक्ष.

कमिटीत असलेल्या वाचकांनाही थोडं सांगायचंय. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी प्रेषित पौलानं एकट्यानं नेली नाही. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो सांगतो, की तीत या आपल्या सहकाऱ्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू दिला आहे, एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणी बोट दाखवू नये म्हणून. आणि प्रभूच्या दृष्टीनेच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने बरोबर तेच आम्ही करू पाहतो, असंही म्हणतो. प्रत्यक्ष पौलाला दुसरा माणूस लागला. तुमच्या खजिनदारालाही लागू द्या. कोऱ्या चेकवर सह्या बंद. तीन वर्षांनी खजिनदार बदला, कितीही देवमाणूस असला तरी. एकोणीस वर्षं एका माणसाकडे पेटी ठेवणं याला विश्वास म्हणत असतील, मी आळस म्हणते. आणि मंडळीत कुणाचं आजारपण आहे हे कमिटीला उपासनेतल्या प्रार्थनेतूनच कळत असेल तर प्रार्थनेनंतर त्या घरी बिल कोण भरतंय तेही विचारत जा.

अशाच ओढाताणीत असलेल्या दुसऱ्या वाचकांना मात्र सावध करते. मत्तयाची पहिली पायरी, एकट्यानं जाऊन बोलण्याची, पैशाच्या आणि रुसव्याफुगव्याच्या बाबतीत आहे. जिथे मारहाण आहे, जिथे लहान लेकराला कुणी हात लावला आहे, तिथे एकट्यानं जाऊन समजूत घालायची नाही. लेकराच्या बाबतीत 2012 च्या पॉक्सो कायद्यानं माहिती असणाऱ्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग समोर पाळक असो की काका. आणि नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'अधीन राहा' हे वचन ऐकवणाऱ्यांनी इफिसकरांत त्याच्या बरोबर वरचं वचन वाचावं. एकमेकांच्या अधीन राहा, असं आहे तिथे.

ताई, संडे स्कूलचं ते पान. मुलांपुढे ते उलटलं म्हणून तुम्ही स्वतःला ढोंगी म्हटलंय. मला तसं वाटत नाही. जिला खोटं सहज जमतं ती बाई ते पान मजेत शिकवते. येत्या रविवारी शिकवता आलं नाही तर पुढच्या रविवारी शिकवा. मुलं विचारतीलच, टीचर, नववी राहिली.

पत्राच्या समासात तुम्ही पेन्सिलीने लिहिलंय, की पावसाळ्यात तिसऱ्या बाकाशेजारी अजून बादली ठेवावी लागते आणि ती ठेवायला पप्पाच उठतात. पप्पांशी बोलायला जाल त्या संध्याकाळी व्हाउचरचं ते कोरं बुक बरोबर घेऊन जा. फाडू नका, कपाटात कोंबू नका. त्यांच्या हातात परत द्या.